मीठ तीनशे चाळीस

सीतालक्ष्मीच्या हाताला चव आहे, हे कुंभकोणममधल्या चार मराठी घरांनी फार पूर्वी एकमताने ठरवून टाकले होते. आणि एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा तपासून पाहण्याची पद्धत त्या चारही घरांत नव्हती. त्यामुळेच गेली दोन वर्षे स्वतः सीतालक्ष्मीला कशाचीच चव कळत नाही, ही गोष्ट तिच्याखेरीज कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला होता. पाच दिवसांनी तो गेला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही बरोबर घेऊन गेला. सकाळची कॉफी म्हणजे कढत पाणी झाले, कापूर म्हणजे नुसता पांढरा खडा झाला, आणि मिठाची कणी जिभेवर ठेवली तर ती वाळूसारखी लागू लागली. डॉक्टर म्हणाले, चव परत येईल, किंवा येणारही नाही. अठ्ठावीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला असली उत्तरे आवडत नाहीत. तिने डॉक्टरांना नमस्कार केला, घरी आली आणि कोणालाही काही न सांगता रसमची फोडणी केली.

दुसऱ्या एखाद्या घरात हे गुपित आठवडाभरही टिकले नसते. पण या घरात देवाला दाखवण्याआधी अन्न चाखायचे नाही, असा दंडक होता. सीतालक्ष्मी लग्न होऊन आली त्या दिवसापासून, म्हणजे अडतीस वर्षे, जिभेची मदत न घेता रांधत आली होती. मीठ मुठीच्या अंदाजाने पडे. उकळी आली की तिचा वास सांगे, पडले ते पुरे की अजून हवे. नैवेद्य झाल्यावर पानावर बसली की चूक कळे आणि दुसऱ्या दिवशी मूठ आपोआप सुधारे. आता वास गेला होता आणि पानावरची चूकही कळेनाशी झाली होती. मूठ तेवढी उरली होती, आणि एकट्या मुठीवर भरवसा ठेवण्याइतकी ती भोळी नव्हती.

राहता राहिले यजमान. वासुदेवरावांना रक्तदाब होता आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी मीठ कायमचे सोडले होते. त्यांच्यापुरते वरण, भाजी मीठ घालण्याआधीच बाजूला निघे. "अहो, कशी झालीय?" असे विचारले तर ते शांतपणे म्हणत, "झालीय." उपासाच्या माणसाला पंगतीचा पंच नेमावा तसाच हा प्रकार. मुलगा चेन्नईला होता, तो दिवाळीला येई आणि आईच्या हातचे म्हणून जे पुढे येईल ते खाई.

तेव्हा सीतालक्ष्मीचा सगळा भार शनिवारच्या मंडळीवर पडला होता.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिच्याच घरी चार जणी जमत. अकरा वर्षे जमत होत्या. त्यांतली एक जण आपल्या घरचा एक पदार्थ करी, पेरुमाळला, म्हणजे घरच्या विष्णूला, नैवेद्य दाखवला जाई, जेवणे होत, आणि मग ती पदार्थाची कृती सांगे. पुढच्या महिन्याच्या शनिवारी बाकीच्या तिघी तोच पदार्थ आपापल्या घरून डब्यात करून आणत. मंडळीचे नियम तीन. पहिला, करताना चाखायचे नाही. दुसरा, नैवेद्य झालेल्या अन्नाला नावे ठेवायची नाहीत आणि पानावर वरून मीठ मागायचे नाही. तिसरा, दुसरीच्या कृतीत आपली अक्कल मिसळायची नाही. सांगितले तसे करायचे. हे नियम सीतालक्ष्मीनेच केले होते, हे चौघींनाही ठाऊक होते. का केले, हे दोघींनाच ठाऊक होते.

या चौघींत वयाने आणि मानाने मोठी अंबाबाई. तिच्या सासरचा कोणी पूर्वज तंजावरच्या दरबारात वैद्य होता. त्या पूर्वजाने कोणाला बरे केल्याची नोंद नाही, पण त्याची चांदीची तपकिरीची डबी अंबाबाईकडे होती आणि ती डबी कमरेला असेपर्यंत दरबार संपला असे मानायला ती तयार नव्हती. तिच्या घरची कढी दरबारी, लोणचे दरबारी, आणि भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पचडी तर खास दरबारी. दुसरी वरलक्ष्मी, मुलांना वीणा शिकवणारी, जिचे कोणाशीच कधी मतभेद झाले नव्हते, कारण समोरच्याचे मत पूर्ण होण्याआधीच ती मान डोलावून मोकळी होई. तिसरी कविता, बँकेत अधिकारी, चाळिशीच्या आतली. सांगितलेली प्रत्येक कृती ती फोनमध्ये टिपून ठेवी आणि सगळ्यांना पाठवी. त्या फोनमध्ये एकशे एकतीस कृती साठल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा या चौघींनी एकेकदाच केल्या होत्या, तिसऱ्या नियमाला भिऊन.

दोन वर्षे सीतालक्ष्मी पानांवरून नजर फिरवत विचारत आली होती, "छान झालंय ना?" आणि दोन वर्षे उत्तर येत होते, "फार छान."

ऑक्टोबरच्या शेवटी सेतुरावांचा फोन आला नसता, तर या उत्तरावर तिने आणखीही काही वर्षे काढली असती. सेतुराव मरुदानल्लूरच्या एका लहान भजनमठाची व्यवस्था पाहत. डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्यात तिथे समाराधना होई, दोनशे पाने उठत, आणि त्या पंगतीतली रसवांगी, म्हणजे चिंचेच्या रसातली वांगी, एकोणीस वर्षे सीतालक्ष्मीची होती. बाकीचा स्वयंपाक आचारी करत. रसवांगीच्या पितळी भांड्याला मात्र आचाऱ्यांनी हात लावायचा नसे. तालुक्यात तिला लोक ओळखत ते शिक्षिका म्हणून कमी आणि त्या भांड्याची मालकीण म्हणून जास्त.

"मामी, यंदाही रसवांगी तुमचीच ना?" सेतुरावांनी विचारले. हा प्रश्न नव्हता, रिवाज होता.

"कळवते," सीतालक्ष्मी म्हणाली.

एकोणीस वर्षांत हा शब्द सेतुरावांनी पहिल्यांदाच ऐकला होता. "पंधरा डिसेंबरपर्यंत कळवा," ते म्हणाले. "भाजीवाल्याला वांगी सांगावी लागतात."

फोन ठेवल्यावर सीतालक्ष्मी बराच वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. चार मैत्रिणींना बिघडलेले खाऊ घालणे वेगळे आणि देवाच्या दारी दोनशे माणसांना खाऊ घालणे वेगळे. हात खरेच शाबूत असेल तर भांडे सोडण्याचे कारण नव्हते. हात गेला असेल तर ते धरून ठेवण्याचा हक्क नव्हता. यांतले खरे काय, हे कळायला एक प्रामाणिक जीभ हवी होती. तिच्या ओळखीत जिभा पुष्कळ होत्या.

मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. साक्षीदाराला प्रश्न विचारून खरे कळत नसेल तर साक्षीदाराचीच परीक्षा घ्यावी, हे ती नववीच्या वर्गाला दरवर्षी वेगळ्या शब्दांत सांगत असे.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पाळी तिची होती. तिने लहान, जांभळी, काटेरी देठांची वांगी चिरून चिंचेच्या कोळात शिजवली. धणे, हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या आणि खोबरे तेलावर परतून वाटले, तुरीचे वरण घातले, उकळी आणली, मोहरी-उडदाची फोडणी दिली. मिठाची बरणी मात्र तिने आदल्या रात्रीच धान्याच्या कोठीत ठेवून कोठीला कुलूप लावले होते, न जाणो सवयीने हात जायचा. अळणी नैवेद्य दाखवताना तिने पेरुमाळची मनोमन क्षमा मागितली आणि हे शास्त्रासाठी आहे, असे सांगितले. कोणत्या शास्त्रासाठी, ते सांगितले नाही.

पाने मांडली. तिघींनी पहिला घास घेतला. सीतालक्ष्मी वाढायचे थांबून तिघींच्या चेहऱ्यांकडे पाहत उभी राहिली, प्रयोगशाळेत काचनळीतल्या पाण्याचा रंग बदलण्याची वाट पाहावी तशी.

वरलक्ष्मीने डोळे मिटले. "सीताक्का, काय सांगू. आज अगदी सात्त्विक झालीय."

"एकदम हलकी," कविता म्हणाली. "पोटाला त्रास नाही होणार अशी. मामी, आजची कृती मला मापासकट हवी हं."

अंबाबाई पदराआड काहीतरी चाळवाचाळव करत होती. तिने सावकाश घास गिळला. "फार छान," ती म्हणाली. "वाढ आणखी."

जेवणानंतर सीतालक्ष्मीने कृती सांगितली. चिंच लिंबाएवढी, धणे दोन मोठे चमचे, डाळ एक, मिरच्या सहा, खोबरे मूठभर. कविता टिपत होती. यादी संपली. सीतालक्ष्मी थांबली. वर्गात शेवटच्या बाकावरून तरी एखादा हात वर येतो, पण इथे कोणाचाही आला नाही. कवितेने "पाठवलं" म्हणून फोन मिटला, आणि मिठाचा उल्लेखही नसलेली रसवांगी एकशे बत्तिसावी कृती म्हणून जमा झाली.

त्या संध्याकाळी सीतालक्ष्मीला हसूही आले आणि भीतीही वाटली. साक्षीदार खोटे ठरले होते. पण म्हणजे दोन वर्षांतली प्रत्येक "फार छान" खोटी ठरली होती. त्यांतली एखादी खरी असेलही. ती कोणती, हे ओळखण्याचा मार्ग तिने नियम करून स्वतःच्याच हाताने बंद केला होता.

मार्ग सापडला तो पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रापाशी. ते यंत्र दुरुस्त करायला सुंदरेश नावाचे पन्नाशीचे गृहस्थ वर्षातून दोनदा येत. त्यांच्याजवळ पेनाएवढे एक साधन होते. ते पाण्यात बुडवले की पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दिसे. सीतालक्ष्मीने ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हे मीठ मोजतं?"

"पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतं, मामी."

"सारात बुडवलं तर?"

सुंदरेश यांनी या नोकरीत अनेक प्रश्न ऐकले होते, हा मात्र ऐकला नव्हता. जाताना त्यांनी आपले जुने साधन तिथेच ठेवले. उरलेला महिना सीतालक्ष्मीने जुन्या वहीत आकडे मांडण्यात घालवला. शुद्ध पाण्याचा पेला, त्यात गाळलेल्या रसाचा एक चमचा, ढवळायचे, मोजायचे. नुसते पाणी चाळीस. अळणी रसवांगी नव्वदच्या आसपास. चिंच आणि वांगी आपापले थोडे क्षार आणतातच. आकडे मिळत होते. कोणता आकडा चवीचा, हे सांगायला जीभच हवी होती, आणि तिची गाडी पुन्हा तिथेच येऊन अडत होती.

सहा डिसेंबरच्या शनिवारी तिघी आपापल्या घरची रसवांगी घेऊन आल्या. डबे स्वयंपाकघरात ठेवून त्या बाहेर झोपाळ्यावर बसल्या. सीतालक्ष्मीने दार लोटून घेतले आणि प्रत्येक डब्यातला एकेक चमचा वेगळ्या पेल्यात काढला.

वरलक्ष्मीची रसवांगी, अठ्ठ्याऐंशी.

कवितेची, ब्याण्णव.

म्हणजे दोघींनी, एकीने वीणेच्या आणि दुसरीने बँकेच्या शिस्तीने, सांगितले तसे केले होते. अळणी शिजवले होते आणि घरच्यांना वाढलेही असणार. सीतालक्ष्मीने तिसऱ्या पेल्यात पेन बुडवले. आकडा चढत गेला आणि तीनशे चाळिसावर थांबला.

तिने पेला ओतून टाकला, दुसरा चमचा घेतला, पुन्हा मोजले. पुन्हा तीनशे चाळीस. अंबाबाईने मीठ घातले होते, म्हणजे तिच्या जिभेला फरक कळला होता, आणि गेल्या महिन्यात तिनेच "फार छान" म्हणून आणखी वाढून घेतले होते.

पंगतीत त्या दिवशी तीन रसवांग्या होत्या आणि तिन्ही फार छान होत्या. तसे सर्वांनी सांगितले.

निघताना सीतालक्ष्मी म्हणाली, "अंबाक्का, तू जरा थांब गे. कॉफी घेऊन जा."

दोघी गेल्यावर तिने वही अंबाबाईपुढे ठेवली आणि तीनही आकडे समजावून सांगितले. अंबाबाईने चष्मा लावून वही पाहिली.

"एवढं यंत्र कशाला आणलंस?" ती म्हणाली. "मला विचारायचं."

"विचारलं होतं. तू फार छान म्हणालीस."

"तू विचारलंस कुठे? तू विचारतेस, छान झालंय ना? याला एकच उत्तर असतं."

"किती दिवस कळतंय तुला?"

उत्तरादाखल अंबाबाईने कमरेची चांदीची डबी काढली आणि झाकण उघडले. दरबारी वैद्याच्या त्या डबीत पांढरेशुभ्र मीठ होते.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "तुझ्या तापानंतर दुसऱ्या महिन्यापासून. कमी असलं तर पदराआड घेते. जास्त झालं तर दही कालवते. ती वरलक्ष्मी घरून दहीभात खाऊन निघते, तुला सांगत नाही. कवितेला वाटतं, म्हाताऱ्यांचं जेवण असंच असतं."

सीतालक्ष्मीने कॉफीचे भांडे खाली ठेवले. तिचा आवाज चढला नाही. वर्गातही चढत नसे. "नाक आणि जीभ दोन्ही गेलीत माझी. सगळं वाळूसारखं लागतं. दोन वर्षं तू डबी घेऊन माझ्या घरी येतेस, जेवतेस, जातेस. एकदा सांगितलं असतंस तर?"

"नियम कोणी केला?"

"मी."

"का केलास?"

अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्याच शनिवारी अंबाबाईने पानाकडे पाहून विचारले होते, "सीते, रसवांगीतली वांगी कुठे पोहायला गेली?" सगळ्या हसल्या होत्या, सीतालक्ष्मीही हसली होती. पुढच्या महिन्यात तिने सुवाच्य अक्षरात तीन नियम लिहून आणले होते आणि दुसऱ्या नियमाला प्रसादाचा आधार दिला होता. देवाच्या आड उभे राहिले की माणसाला कोणी बोलत नाही, हे शिकायला पदार्थविज्ञान लागत नाही.

"बरं, नियम माझा," ती शेवटी म्हणाली.

"मग आता मोडूया. आधी तू सांग. माझी डांगर पचडी कशी असते?"

"हे बघ, अंबाक्का—"

"तापाच्या आधीची सांग. जीभ होती तेव्हाची."

"कडू."

अंबाबाईने चष्मा काढला. "किती वर्षं?"

"पहिल्यापासून. उडीद जळतो तुझा. पीठ दह्यात घातलं की सगळं दही काळं पडतं."

"तो दरबारी रंग आहे."

"तो कोळसा आहे. कवितेने तुझ्या कृतीने पचडी केली तर तिच्या सासूने भांडं तीनदा घासायला लावलं. मला येऊन सांगितलं तिने. मी म्हटलं, तुझं काहीतरी चुकलं असेल."

यावर अंबाबाईने डबी मिटली, कमरेला लावली, छत्री घेतली आणि निघाली. दारात चपला घालताना ती वळून एवढेच म्हणाली, "तुझी जीभ नेली तो ताप माझ्या पचडीच्या आधीच यायला हवा होता."

आठवडा गेला. अंबाबाईचा फोन आला नाही. सीतालक्ष्मीनेही केला नाही. तिने वहीचे पान पुन्हापुन्हा पाहिले. तीनशे चाळीस हा आकडा आता हाती होता आणि मिठाचा प्रश्न मिटला होता. पण रसवांगी म्हणजे नुसते मीठ नव्हे. धणे किती भाजले, खोबरे कुठवर परतले, हे पेनाला कळत नाही. ते नाकालाच कळते. एका संध्याकाळी तिने तीन मूठ धणे नुसत्या डोळ्यांनी पाहत भाजले. पहिले कच्चे राहिले, दुसरे करपले, तिसऱ्यांचे काय झाले ते सांगायला घरात वासुदेवराव होते. ते म्हणाले, "झालेत."

चौदा तारखेला तिने मनाचा हिय्या करून सेतुरावांना फोन लावला. भांडे सोडायचे तिचे ठरले होते. वाक्यही जुळवून ठेवले होते.

"सेतुराव, यंदा मला वाटतं, रसवांगी दुसऱ्या कोणी—"

"काही काळजी करू नका, मामी," सेतुराव म्हणाले. "अंबाबाई मामींनी सांगून ठेवलंय. तुम्ही नाही म्हणालात तर त्या तयार आहेत."

"कधी सांगितलं?"

"नोव्हेंबरातच. पहिल्याच आठवड्यात असेल."

सीतालक्ष्मीने मनातल्या मनात तारखा जुळवल्या. म्हणजे अळणी रसवांगीला फार छान म्हटल्यावर आठवड्याच्या आत. तिने जुळवलेले वाक्य गिळून टाकले.

"मी नाही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "रसवांगी माझीच. वांगी सांगून टाका."

मग तिने साडी बदलली आणि थेट अंबाबाईचे घर गाठले. अंबाबाई पानाला चुना लावत बसली होती. तिने मान वर केली नाही. सीतालक्ष्मी समोर खुर्ची ओढून बसली.

"भांड्यावर तुझा डोळा होता, अंबाक्का."

"होता," अंबाबाई म्हणाली. पान दुमडून तिने तोंडात ठेवले. "एकोणीस वर्षं आहे. तू म्हातारी व्हायची वाट बघत होते, तर मीच तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाले."

"भांडं मिळणार नाही. पण मला तुझं नाक हवंय. धणे भाजताना, खोबरं परतताना शेजारी उभी राहा आणि सांग."

"आणि मला काय मिळणार?"

सीतालक्ष्मीने वाटेत या प्रश्नाचा विचार करून ठेवला होता. "तुला मला नावं ठेवता येतील," ती म्हणाली. "तोंडावर. सगळ्यांसमोर. मी नियम करणार नाही."

अंबाबाई पान चघळायची थांबली. अकरा वर्षे दाबून ठेवलेली वाक्ये तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक रांगेला येऊन उभी राहताना स्पष्ट दिसली. भांड्याचा मोह तिने एकोणीस वर्षे आवरला होता. हा मोह तिला एक मिनिटही आवरला नाही.

"किती वाजता येऊ?" ती म्हणाली.

समाराधनेच्या पहाटे मठाच्या मागच्या अंगणात पितळी भांडे चुलीवर चढले. सेतुरावांपुढे नवा प्रश्न होता: नैवेद्याआधी यंत्र चालते का? त्यांनी पेन हातात घेऊन पाहिले. सीतालक्ष्मीने सांगितले, भांड्यात काही बुडणार नाही. एक चमचा बाहेर काढायचा, तो पेल्यात घालायचा, मोजून ओतून टाकायचा, परत भांड्यात घालायचा नाही. सेतुरावांनी विचार केला. यंत्राला जीभ नाही, तेव्हा उष्ट्याचा दोष नाही, असा निर्णय त्यांनी दिला. "देवाच्या आधी यंत्राला कळतं एवढंच," ते म्हणाले, "पण यंत्र कोणाला सांगत नाही." अंबाबाईच्या वास घेण्याबद्दल त्यांनी विचारलेच नाही. नाकाला दार नसते, ते कोणी कसे लावून घेणार.

"हलव," अंबाबाई कढईशी उभी राहून सांगत होती. "अजून हलव. काय गे, झोपलीस? धणे भाजतेस की त्यांना ऊन दाखवतेस? आता वास येतोय. थांब. अजून नाही. अजून नाही. बस, उतर. उतर म्हटलं ना. अठ्ठावीस वर्षं मुलांनी कसं सोसलं तुला?"

आचारी कौतुकाने ऐकत होते. सीतालक्ष्मी घामाघूम होऊन, कपाळाला आठी न पाडता, कढई उतरवत होती. रस उकळला तेव्हा तिने चमचा काढला. दोनशे नव्वद. तिने मुठीने खडेमीठ टाकले, ढवळले, थांबली, पुन्हा मोजले. तीनशे पंधरा. आणखी एक मूठ. तीनशे चाळीस.

नैवेद्य झाला, भजन झाले, पंगती उठल्या. पहिल्या पंगतीतून निरोप आला, फार छान. दुसरीतून आला, नेहमीसारखीच. सीतालक्ष्मीने दोन्ही निरोप ऐकून घेतले आणि त्यांतल्या एकाचाही आनंद मानला नाही. नोव्हेंबरपासून या शब्दांची किंमत तिला ठाऊक होती.

शेवटच्या पंगतीला चौघी शेजारी शेजारी बसल्या. वरलक्ष्मीने घास घेतला, डोळे मिटले. "सीताक्का, काय सांगू."

"सांगू नको," सीतालक्ष्मी म्हणाली आणि पलीकडे वळली. "अंबाक्का, कशी आहे?"

प्रश्नाच्या शेवटी यावेळी 'ना' नव्हता. अंबाबाईने रसवांगी भातात कालवली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. घाई केली नाही.

"मीठ बरोबर," ती म्हणाली. "मसाला बरोबर, तो माझा. वांगी जून आहेत. बिया दाताखाली येतात. सेतुरावांनी आणली आणि तू तशीच चिरलीस. चिरताना डोळे तरी होते ना?"

कविता दचकली. वरलक्ष्मीचा हात पानावरच थांबला आणि कोणाकडे पाहून मान डोलवावी हे तिला प्रथमच कळेना.

सीतालक्ष्मीने वांग्याची एक फोड उचलून तोंडात घातली. चव नव्हतीच. तिने दातांनी सावकाश चावले. कर्र झाले. मग पुन्हा. जून, कडक बिया एकेक करून दातांखाली येत होत्या. अंबाबाईने सांगितल्या होत्या तशाच, आणि त्या तिला स्वतःला कळत होत्या.

"येतात," ती म्हणाली. आणि दुसरी फोड उचलली.

पलीकडच्या पानाशेजारी चांदीची डबी ठेवलेली होती. सवयीने काढलेली, पण न उघडलेली. कविता तिच्याकडे बघत होती. "मामी, हिच्यात काय असतं?"

सीतालक्ष्मीने अंबाबाईकडे पाहिले. अंबाबाईने डबी उचलून कमरेला लावली.

"तपकीर," ती म्हणाली. "दरबारी."